फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर सुट्टीसाठी अपार्टमेंट घेताना

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये अपार्टमेंट हवे असेल, तर शोध हिवाळ्यातच सुरू करावा. कारण या दोन महिन्यांत तिथल्या शाळांना सुट्टी असते, पुष्कळशी घरे शनिवार ते शनिवार अशा आठवड्यांच्या हिशेबानेच दिली जातात आणि समुद्राजवळची चांगली घरे सर्वांत आधी जातात. तारखा आपल्या हातात असतील, तर मी सप्टेंबरच सुचवेन. उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हाही पोहण्याजोगे असते आणि भाडे उतरलेले असते. मे महिन्यात ऊन सुखद असले तरी पाणी गारच लागते.

जाहिरात वाचताना तिथली शब्दांची रीत समजून घेणे आवश्यक आहे. ‘दे प्येस’ म्हणजे दोन खोल्या, पण त्यांत दिवाणखानाही धरलेला असतो, म्हणजेच झोपण्याची स्वतंत्र खोली एकच. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या मोजणीत येत नाहीत. सर्वांत जपून वाचण्याचा शब्द म्हणजे ‘स्टुडिओ काबिन’. दार उघडून आत गेल्यावर बोळातच एकावर एक बसवलेले दोन अरुंद पलंग असतात, तिथे बहुधा खिडकी नसते आणि कधी दाराऐवजी नुसता पडदा असतो. दिवाणखान्यातला सोफा रात्री उघडला की ‘चार जणांची सोय’ पूर्ण होते. मुलांना ही जागा फार आवडते, परंतु सोबत आई-वडील असतील तर त्यांच्यापैकी कोणी शिडी चढून झोपावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. म्हणून माणसांच्या आकड्यावर न जाता चौरस मीटर आणि पलंगांची मांडणी विचारावी.

‘व्यू मेर’ म्हणजे समुद्राचे दर्शन, तर ‘आपेर्सू मेर’ म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून दिसणारी निळी रेघ. दिवाणखान्यात बसून काढलेला फोटो मागितला, तर फरक लगेच कळतो. पत्ता नकाशावरही पाहावा. नीस शहराजवळच्या आंतिब ते कान्य या गावांदरम्यानच्या पट्ट्यात रेल्वे आणि रस्ता दोन्ही किनाऱ्याला लागून जातात, त्यामुळे समुद्रासमोरच्या घरातही रात्री गाडीचा आवाज येऊ शकतो. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, आंतिबला लागून असलेल्या ज्वाँ-ले-पँचा वाळूचा. लहान मूल बरोबर असेल तर हा फरक दृश्यापेक्षा मोठा ठरतो.

पैसे भरण्यापूर्वी लेखी करार मागावा. फ्रेंच कायद्यानुसार सुट्टीच्या भाडेकराराला लेखी रूप असावे लागते आणि त्यात किंमत व घराचे वर्णन यावे लागते. करारातील आगाऊ रकमेला कोणता शब्द वापरला आहे, हे अवश्य पाहावे. ‘आर’ असेल तर आपण बेत रद्द केल्यास ती रक्कम बुडते, पण मालकाने रद्द केल्यास त्याला ती दुप्पट परत द्यावी लागते. ‘आकोंत’ असेल तर व्यवहार दोघांवर बंधनकारक होतो आणि माघार घेणाऱ्याकडून उरलेले भाडे किंवा भरपाईही मागितली जाऊ शकते. नीसमध्ये अशा घरांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. तो नसेल किंवा मालक जाहिरातीच्या संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवण्याचा आग्रह धरत असेल, तर ते घर सोडून द्यावे. साफसफाईचे शुल्क, चादरी-टॉवेल आणि प्रौढांकडून प्रत्येक रात्रीसाठी घेतला जाणारा पर्यटनकर पुष्कळदा भाड्यात धरलेला नसतो, म्हणून एकूण रक्कम युरोमध्ये लिहून घ्यावी.

चावी घेताना ‘एता दे ल्यू’ म्हणजे घराच्या स्थितीची नोंद केली जाते. प्रवासाचा शीण असला तरी त्यावर न वाचता सही करू नये. गरम पाण्याचा नळ सोडून पाहावा, खिडक्यांची झडपे वर-खाली करावीत, एसी चालू करावा, तडा गेलेली फरशी किंवा गादीवरचा डाग दिसल्यास कागदावर लिहवून घ्यावा आणि त्याचा फोटो काढावा. निघताना तीच यादी पुन्हा ताडून पाहिली जाते. म्हणून अनामत रक्कम पूर्ण परत मिळेपर्यंत ते फोटो आणि सही झालेली प्रत जपून ठेवावी.