ताण मोजायचा तर प्रयोगाच्या दुसऱ्या सकाळी

विंगेत नुसती उभी असताना माझी नाडी 140 च्या वर जायची. तोच माझा ताण, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे अभिनय सुटला, मानसशास्त्र शिकले आणि आता कलावंतांचा ताण मोजते. नवीन माणूस हे काम शिकायला आला की त्याला आधी सांगते, त्या 140 ला घाबरू नकोस. प्रयोगाआधी नाडी उडायलाच हवी. ती खाली कधी येते, ते पाहा.

त्यासाठी आधी माणसाची नेहमीची पातळी माहीत हवी. किमान दोन आठवडे, प्रयोग नसलेले दिवस धरून, रोज सकाळी उठल्यावर शांत बसून 5 मिनिटं छातीच्या पट्ट्याने एचआरव्ही घ्या, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते. त्यातला आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांच्या अंतरांत किती फरक पडतो ते सांगणारा आकडा, पुरे. विश्रांतीत तो सहसा वाढतो, ताणात घसरतो. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहू नका. वय, व्यायाम, आदल्या रात्रीचं मद्य, सगळं त्यात उतरतं. आणि एकांतात एक प्रश्न विचाराच: बीटा-ब्लॉकर घेता का? हात थरथरू नयेत म्हणून मंचावर जाण्याआधी ही गोळी घेणारे बरेच असतात. ती नाडीला लगाम घालते आणि तुम्ही मात्र ‘किती शांत माणूस!’ असं लिहून मोकळे होता.

मीही असंच फसले होते. एका गायिकेला गाताना पट्टा लावला. आकडे इतके सुंदर आले, की जणू ती गाढ विश्रांती घेत होती. ती विंगेत आली तेव्हा पाण्याचा पेला तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. झालं होतं एवढंच, की लांब ओळी गाताना तिचा श्वास संथ झाला होता, आणि मिनिटाला सहाच्या आसपास श्वास असले की एचआरव्ही आपोआप फुगते. मी तिचा श्वास मोजला होता! तेव्हापासून गाणाऱ्यांचं किंवा फुंकवाद्य वाजवणाऱ्यांचं मोजमाप मंचावर करत नाही.

यंत्राच्या जोडीला प्रश्नावली लागतेच. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये आणलेल्या ताणमापनाची 10 प्रश्नांची आवृत्ती सोपी आहे. गेल्या महिन्याबद्दल विचारते, प्रत्येक उत्तराला 0 ते 4, बेरीज 0 ते 40. मात्र 4, 5, 7 आणि 8 हे प्रश्न उलटे मोजायचे. घाईत नेमकं तेच राहतं. या बेरजेवरून कुणाला आजारी ठरवू नका. थकून रिकामं झाल्याची शंका असेल तर मास्लाक आणि जॅक्सन यांची 22 विधानांची प्रश्नावली घ्या, पण तिचे तीन भाग वेगवेगळेच ठेवा. मंचभीतीच्या प्रश्नावल्या तिसऱ्याच. मंचावर निर्धास्त असलेला माणूस पुढचं काम मिळेल का या काळजीने पोखरलेला असू शकतो. म्हणून कष्ट आणि मोबदला यांचा मेळ तपासणारी, योहानेस सीग्रिस्ट यांची प्रश्नावली मला या लोकांसाठी फार मोलाची वाटते.

लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक? पैसे आणि चिकाटी असेल तरच. ते उठल्यानंतर 30 ते 45 मिनिटांनी शिखरावर असतं आणि रात्री उतरतं, त्यामुळे रात्रीच्या प्रयोगाचा नमुना सुट्टीच्या दिवशी त्याच वेळी घेतलेल्या नमुन्याशीच ताडायचा. शिवाय ते ताणामागून 20 ते 30 मिनिटांनी वर येतं. नमुन्याआधी अर्धा तास खाणं नाही, दात घासणं नाही. प्रयोगाच्या धावपळीत हे कोण पाळतं?

त्यापेक्षा डायरी द्या. तीनच नोंदी: प्रयोग किती वाजता संपला, झोप किती वाजता लागली, सकाळी थकवा 0 ते 10 मध्ये किती. नावाऐवजी क्रमांक टाका आणि कागद दिग्दर्शकाच्या हाती पडू देऊ नका. मी एकदा पडू दिले. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचा थकवा 2!

आता वाचायचं कसं ते सांगते. एका नटाची प्रयोगाआधीची नाडी महिनाभर तशीच होती. दिवसाला एकच प्रयोग असला की दुसऱ्या सकाळी एचआरव्ही नेहमीच्या पातळीवर यायची. एका दिवशी दोन प्रयोग झाले की यायला तीन सकाळी लागायच्या, आणि डायरीत त्या रात्रींची झोप दोननंतरची. विचारलं तर म्हणायचा, ‘मस्त चाललंय.’ जोडप्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी त्याला सकाळी दहाची तालीम असायची. मी ती दुपारी न्यायला सांगितली आणि पुढचे दोन आठवडे पुन्हा पट्टा लावला.