कातळावर निघण्याआधी तिथी पाहावी

सोलापुराहून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, कातळातील डबक्यांमधले छोटे मासे पाहायला आणि ओळखायला जायचे असेल, तर तयारीची सुरुवात तिथीपासून करावी. गाडी, जाळे, डबे हे सारे त्यानंतर. मागच्या हिवाळ्यात आम्ही सर्वांना सुटी आहे एवढेच पाहून रविवार ठरवला, रात्रभर प्रवास करून सकाळी सहाला किनाऱ्यावर उतरलो, आणि ज्या कातळावर काम करायचे होते तो पूर्ण पाण्याखाली होता. त्या दिवशी अष्टमी होती. दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी झाली खरी, पण खालचा कातळ उघडा पडलाच नाही. जवळच जाळे सांधत बसलेल्या एका काकांनी आम्हाला थांबलेले पाहून सांगितले, "आज भांग हाय, पाणी एवढंच सुकणार." भांग म्हणजे पाणी कमीत कमी चढते-उतरते तो दिवस. वरच्या दोन-चार कोमट डबक्यांत जे मिळाले ते पाहून आम्ही परतलो. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते. त्या सवयीने पाण्याची वेळ विचारण्याचे आमच्यापैकी कुणालाच सुचले नाही. दाते पंचांग सोलापुरातच तयार होते, आमच्या प्रत्येकाच्या घरी आहे, आणि ते निघण्यापूर्वी एकानेही उघडले नव्हते.

हिशेब अवघड नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. शुक्ल किंवा कृष्ण, कोणत्याही पक्षातील तिथीला पाऊणने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बारा-सव्वाबाराला. आम्ही नेमके भरतीच्या क्षणी पोहोचलो होतो. तृतीयेला भरती पहाटे सव्वादोनला येते, म्हणून ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास मिळते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येत असल्याने उधाण असते आणि ओहोटीला पाणी सर्वांत लांब जाते. अष्टमीला सूर्य आणि चंद्र यांच्या ओढी काही अंशी एकमेकींना काटतात आणि भांग पडतो. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस आपल्याला सोयीचे, कारण पाणीही बरेच उतरते आणि उजेडही असतो. पाऊणपटीच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून घ्यावा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी कातळावर असावे आणि पाणी वळले की निघावे. माशांच्या नादात पाठीमागून भरणाऱ्या पाण्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून एकाने केवळ पाण्यावर लक्ष ठेवावे. जाळे विसरले तर बाजारात मिळेल, पण चुकलेली ओहोटी बारा तासांनी परत येते तेव्हा अंधार असतो. म्हणून पुन्हा सांगतो, वार ठरवण्यापूर्वी तिथी पाहावी.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळावर जाऊ नये, त्याची चर्चाही नको.

नमुने ठेवायचे असतील तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारावे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथे जाळे बाहेर काढूच नये. समुद्रघोडा आणि त्याच्या कुळातील मासे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले आहेत, त्यामुळे ते दिसल्यास पाण्यातच पाहावेत. पोवळ्याला हात लावू नये. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात काही मिनिटांत सुकतात. याबाबत मी कुणाचीही सबब ऐकणार नाही.

टोपी, पाणी, खाणे सांगायला नको. पायात जाड रबरी तळाचे बंद बूट हवेत, कारण कालवांच्या कडा चपलेतून पाय कापतात. मच्छरदाणीच्या कापडाची दोन लहान हातजाळी, पांढरी बादली आणि तळहाताएवढी काचेची चपटी पेटी घ्यावी. थर्मासमध्ये गरम पाणी असावे, ते चहासाठी नव्हे: शिंगाळ्याचा किंवा विंचूमाशाचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जावे. पाण्याची उष्णता आधी न दुखणाऱ्या हाताने तपासावी. केंड (फुगणारा मासा) हातात घेऊ नये आणि खाण्याचा विचारही करू नये. त्याचे विष शिजवल्याने जात नाही.

ओळख पटवायची ती जिवंत मासा काचेच्या पेटीत असताना, कारण रंग मेल्यावर जातात. कातळात सर्वांत जास्त गोंधळ खरबी (गोबी) आणि ब्लेनी या दोन प्रकारच्या माशांत होतो. मागच्या वेळी वरच्या डबक्यात मिळालेली बोटाएवढी तपकिरी खरबी पेटीत सोडली तेव्हा ती पोटाने काचेला चिकटून बसली, आणि खालून पाहिल्यावर तिचे पोटाजवळचे दोन्ही पर जुळून झालेली इवलीशी वाटी स्पष्ट दिसली; पाठीवर दोन स्वतंत्र पर होते आणि छातीच्या परांचे वरचे काटे रेशमाच्या तंतूंसारखे मोकळे होते, म्हणून ती बॅथिगोबियस या प्रजातीतील ठरली. ब्लेनीच्या पाठीवर बहुधा एकच लांब पर असतो, अंगावर खवले नसतात आणि पुष्कळदा डोळ्यांवर बारीक झालर असते. पाठीवर तीन कमानदार काळे पट्टे दिसले तर तो टेरापॉन जार्बुआ. बोयांची पिल्ले जागेवर ओळखण्याचा आग्रह धरू नये. छायाचित्र काढून सोडावीत. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, ते आधी पाहिल्यास नजर तयार होते. मात्र ओहोटी सकाळची असेल तर संग्रहालय दुपारी, हा क्रम उलटा करू नये.

ओळख न पटलेल्या प्रकाराचे एक किंवा दोनच नमुने ठेवावेत. लवंग तेलाने गुंगी देऊन एक भाग फॉर्मालिन आणि नऊ भाग पाणी यांत ठेवावे, हातमोजे घालावेत. जनुकीय तपासणीसाठी पराचा तुकडा आधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा काढावा. चिठ्ठी डब्याच्या आत, पेन्सिलने लिहिलेली: ठिकाण, तारीख, तिथी, ओहोटीची वेळ. आठवड्याभराने नमुने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. अडल्यास पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे केंद्र आहे.

पुढच्या फेरीसाठी तारीख सुचवणाऱ्यांनी वाराच्या शेजारी तिथी आणि तिची पाऊणपट लिहूनच कळवावी.