कॉन्टेसाला दुसऱ्या गाडीची बॉडी जोडताय? या चुका टाळा

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ साली आली, २००२ मध्ये बंद पडली. लांब बॉनेट, मागच्या चाकांना जोर. 'आपली मसल कार' म्हणून हौशी मंडळी आजही ती जपतात. नवे पत्रे कुठून मिळणार? त्यामुळे ठोकलेल्या किंवा कुजलेल्या गाडीसाठी दुसरी मोडकी कॉन्टेसा, म्हणजे डोनर, शोधावी लागते. बेळगाव-खानापूरकडचा माणूस आधी कोल्हापूर नाहीतर चोर्ला घाटाने गोवा गाठतो. माझं ऐकाल तर उलट्या दिशेला, अथणी-विजापूरकडे आधी विचारा. समुद्राची खारी हवा आणि खानापूरचा पाऊस यांनी पत्रा जितका खाल्ला जातो, तितका कोरड्या भागात जात नाही. गोव्यातली गाडी स्वस्त का, ते खाली वाकून पाहिल्यावर कळतं.

बघताना रंगावर जाऊ नका. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मॅट उचला, दाराखालचे सिल, डिकीत स्टेपनीची जागा, पुढच्या सस्पेन्शनचे जोड आणि मागच्या स्प्रिंगा टेकतात तो भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. दारं-मडगार्ड चकचकीत आणि हे भाग कुजलेले असतील तर तो डोनर नाही, भंगार आहे.

जीपचा हिशेब इथे लावू नका

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. आपल्याकडच्या मिस्त्रींनी जीपच्या बॉड्या बदलल्यात. बोल्ट सोडायचे, जुनी उचलायची, नवी ठेवायची, कारण जीपची चासी वेगळी असते. कॉन्टेसाला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि चासी नंबरही त्याच पत्र्यावर ठोकलेला. अख्खी बॉडी बदलली की कागदावर तुमची गाडीच उरत नाही. मग कोणीतरी सुचवतो, 'नंबरचा तेवढा तुकडा कापून इकडे वेल्ड करू की.' अजिबात नाही. हा गुन्हा आहे, आणि पुढे आरसीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीला नेली की अडकणारे तुम्हीच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती तपासणी आहेच. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम कॉन्टेसाला अजून लागूही होत नाहीत.

तेव्हा नंबर असलेली आपली बॉडी ठेवा आणि डोनरमधून फक्त लागतील ते तुकडे घ्या. डोनर एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूर नोंदणीची, असेल तर मूळ मालकाकडून विक्रीची पावती आणि आरसीची प्रत घ्या. गाडी कायमची निकामी झाल्याचं आरटीओला चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घेणं ही त्या मालकाची जबाबदारी. पैसे देण्याआधी ते करवून घ्या.

सुरुवातीच्या गाडीत जुनं १४८९ सीसीचं इंजिन होतं, पुढच्या 'कॉन्टेसा क्लासिक'मध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगची मापं टेपने ताडल्याशिवाय पुढचा भाग घेऊ नका.

कापण्याआधी

घाई इथेच होते. सिल कापायचं असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरप्या वेल्ड करून ती बांधून घ्या. नाहीतर गाडी मधोमध खचते, आणि मग दार कितीही ठोका, बसत नाही. गाडी समतल फरशीवर चार स्टँडवर घ्या. जॅकच्या भरवशावर काम नको. सस्पेन्शनच्या ठरलेल्या बिंदूंवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा, दोन्ही कर्ण मोजा, कागदावर लिहा. प्रत्येक टप्प्यानंतर तेच कर्ण पुन्हा मोजायचे.

जोड मूळ कंपनीच्या स्पॉट वेल्डच्या रेषेवरच सोडवा. सस्पेन्शनच्या जोडाजवळ नवा काप घालू नका. टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, गॅस वेल्डिंगचा आग्रह धरेल, पण पातळ पत्रा त्या उष्णतेने लाटांसारखा वाकतो. सीओटू (मिग) वेल्डिंग घ्या, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे जागा बदलत मारा, मध्ये पत्रा गार होऊ द्या. बॅटरी आधी काढा. पेट्रोलची टाकीसुद्धा, रिकामी असली तरी, कारण पेट्रोलपेक्षा आतली वाफ वाईट. आणि पक्कं वेल्डिंग करण्याआधी दारं, डिकी, काचा एकदा लावून बघा. कंटाळवाणं आहे, तरी बघा.

जोडाच्या आतल्या बाजूला झिंक प्रायमर, बंद पोकळ्यांत मेण. नुसतं सरफेसर (रंगाआधीचा थर) मारून गाडी जून-जुलैत उघड्यावर ठेवलीत तर ते पाणी पितं आणि गंज रंगाखालूनच सुरू होतो.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

दार मागून खाली लागत असेल तर पत्रा ठोकण्याआधी बिजागरीची पिन बघा. पिन ठीक असेल तर चौकट खचली आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटवर पुन्हा पुन्हा पैसे घालू नका. डाव्या-उजव्या बाजूचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजा, फरक आला तर दोष वेल्डिंगचा आहे. दिवे मंद पेटतात? अर्थिंगच्या बोल्टखाली नवा रंग गेला असेल, तो खरवडा.

पायाशी पाणी येत असेल तर कार्पेट काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइप धरावा. सुरुवात खालून करून हळूहळू वर जा. एकदम वरून पाणी सोडलंत तर ते नेमकं कुठल्या जोडातून शिरलं, हे कळणार नाही.