दिवस भरण्याआधी पाणी गेल्यास काय करावे

37 आठवडे पूर्ण होण्याआधीच पाणमोट फुटून अंगावरून पाणी जाऊ लागले, तर कळा येण्याची वाट पाहू नये. प्रथम घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. पाणी आहे की लघवी, अशी शंका असल्यास पांढरे सुती कापड घ्यावे आणि तेच सोबत न्यावे, कारण रंग आणि वासावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. 108 ला फोन करावा. नागपुरात शक्यतो मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांसारखे, अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता कक्ष असलेले रुग्णालयच गाठावे.

प्रसूती सुरू झालेली नसेल, तर बोटांनी आतून तपासणी टाळली जाते. प्रत्येक तपासणीसोबत जंतू वर चढण्याचा धोका वाढतो. निर्जंतुक उपकरणाने पाहिले तरी निदान होते. घरच्या अनुभवी बाईनेही, कितीही मायेने असो, ही तपासणी करू नये.

संसर्ग नसेल आणि 34 आठवडे झाले नसतील, तर बाळाला पोटात आणखी वेळ मिळावा म्हणून सहसा थांबतात. या काळात एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक (जंतुसंसर्गावरचे औषध) 250 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, 10 दिवसांपर्यंत देतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मात्र टाळतात, कारण त्याने बाळाच्या आतड्यांना गंभीर इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून घरातले उरलेले प्रतिजैविक स्वतःहून मुळीच घेऊ नये. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत यासाठी डेक्सामेथासोनची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शने 12 तासांच्या अंतराने दिली जातात.

खरी दक्षता यापुढे लागते. मे महिन्यातल्या नागपुरात अंग तापले की ‘ऊन लागले’ म्हणून कांद्याचा रस आणि पन्हे देण्याची आपली सवय आहे. परंतु पाणी गेलेल्या बाईला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, ताप आला तर तो संसर्गाचाच समजून ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. ओटीपोट दाबल्यावर दुखणे, पाण्याला घाण वास, नाडी जलद चालणे, बाळाचे ठोके मिनिटाला 160 च्या वर टिकून राहणे किंवा त्याची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दुर्लक्षू नये. ताप नसतानाही संसर्ग असू शकतो.

गर्भाशयात संसर्ग झाल्याचे ठरले, तर आठवडे कितीही असोत, थांबणे संपते: शिरेतून प्रतिजैविके सुरू करून प्रसूती घडवून आणतात, आणि कळा थांबवणारी औषधे देत नाहीत. सिझेरियन त्यासाठी अपरिहार्य नसते. पाणी गेल्याची ती लिहिलेली वेळ आणि आईला आलेला ताप बाळाच्या डॉक्टरांनाही अवश्य सांगावा.