मॅग्नेशियमच्या प्लेटवर टूल टेकवण्याआधी

मॅग्नेशियम कंपोझिटवर (म्हणजे बारीक पावडर मिसळलेल्या मॅग्नेशियमवर) फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग, म्हणजे फिरतं टूल प्लेटमध्ये घुसवून धातू न वितळवता ढवळणं, करायचं ठरलं की पुण्यातली एम.टेक.ची मुलं आधी नॅनो पावडरचे भाव काढतात. माझं सांगणं, पहिली ऑर्डर प्लेटची द्या. एझेड३१ असो वा एझेड९१ (दोन्ही मॅग्नेशियमचे मिश्रधातू), सगळा माल एकाच लॉटमधला घ्या, आणि लागेल असं वाटतं त्यापेक्षा बराच जास्त. कारण प्लेटा तीन प्रकारच्या लागणार: आली तशी ठेवलेली, पावडर न घालता नुसती ढवळलेली आणि पावडर घालून ढवळलेली. मधली प्लेट बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तिथेच अख्खा प्रबंध लंगडा पडतो. मॅग्नेशियमची स्फटिकरचना षटकोनी असते. साध्या तापमानाला तिच्यातल्या अणूंच्या थरांची घसरण मुख्यतः एकाच, बेसल म्हणजे षटकोनाच्या तळाच्या प्रतलावर होते, म्हणून ताणलं की धातू फारसा न लांबता तुटतो. टूलने ढवळल्यावर ग्रेन (धातूतले स्फटिकाचे कण) बारीक होतात, मजबुती वाढते. पण त्याच ढवळण्याने ग्रेनची दिशाही बदलते, आणि एखाद्या दिशेने ताणलं तर प्लेट जास्त लांबते पण कमी ताणातच कायमची वाकायला लागते. नुसती ढवळलेली प्लेट हाताशी नसेल, तर यातलं पावडरीमुळे किती झालं हे परीक्षेत कशाच्या आधारावर सांगणार?

टूल एच१३ पोलादाचं (उष्णता सोसणारं टूल स्टील), भोसरीत कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये होईल. हार्डनिंग मात्र सांगून करून घ्या. स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरणार असेल तर पिनवर (टूलच्या टोकाचा, प्लेटमध्ये घुसणारा भाग) डावे आटे पाडायला सांगा, म्हणजे धातू खाली दाबला जातो. उलटे आटे पडले तर धातू वर उचलला जाऊन आत पोकळ्या राहतात. पावडर प्लेटमध्ये पाडलेल्या खाचेत भरून ती वरून बंद करायला बिनपिनचं दुसरं टूलही त्याच वेळी करून घ्या.

खाचेचं माप हिशेबाने ठरवा. पिन ६ मिमी व्यासाची आणि ४ मिमी लांब असेल तर तिचं समोरून दिसणारं क्षेत्र २४ चौरस मिमी. खाच १ मिमी रुंद आणि २.४ मिमी खोल घेतली की कागदावर १० टक्के पावडर बसते. प्रत्यक्षात ढवळला जाणारा भाग पिनपेक्षा मोठा असतो, तेव्हा खरं प्रमाण त्याहून कमी धरा. पावसाळ्यात पावडर ओव्हनमध्ये वाळवूनच भरा. ओलसर पावडरीच्या गुठळ्या होतात, आणि तन्यता (न तुटता लांबण्याची क्षमता) घालवायला तेवढं पुरतं. त्याच गुठळ्यांसाठी एका पासवर (टूलच्या एका फेरीवर) थांबू नका. दर पासनंतर प्लेट सोडून अर्धा वळसा फिरवा आणि पुन्हा बांधा, म्हणजे टूल ज्या बाजूला पुढे फिरतं आणि ज्या बाजूला मागे, त्या बाजू आलटूनपालटून येतात. आटे डावेच असल्यामुळे स्पिंडल उलटा फिरवून हे काम होत नाही. क्लॅम्प घट्ट, खाली सपाट पोलादी बॅकिंग प्लेट, आणि प्लेटचा पृष्ठभाग एमरीने घासून ॲसिटोनने पुसलेला हवा.

कोरडी वाळू मशीनच्या शेजारी हवीच, आणि डी वर्गाचं (धातूच्या आगीसाठीचं) अग्निशामकही. मॅग्नेशियमचा चुरा पेटला तर पाणी मारायचं नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. कार्बन डायऑक्साइडमध्येही मॅग्नेशियम जळतच राहतं. खाच पाडताना निघालेला किस रोजच्या रोज उचला, आणि लोखंडाच्या किसात मिसळू देऊ नका. हे लॅब असिस्टंटकाकांना आधीच समजावून सांगा, कारण आग दिसली की पहिली बादली तेच उचलतील.

टेन्साइलचे (ताण चाचणीचे) नमुने कुठून कापायचे हे प्रोसेसिंगच्या आधीच कागदावर काढा. ६ मिमी प्लेटमध्ये ४ मिमीची पिन गेली तर खालचा थर न ढवळलेला राहतो. तो घासून काढल्याशिवाय आकडे खोटे. आडवा नमुना घेतला तर त्याच्या गेजमध्ये (मधल्या अरुंद, ताणल्या जाणाऱ्या भागात) मूळ धातूही येतो, आणि नमुना तिथेच तुटला तर तुम्ही कंपोझिट तपासलंच नाही. म्हणून पासच्या दिशेने, ढवळलेल्या पट्ट्यातच बसतील असे छोटे नमुने वायर कटवर (तारेच्या ठिणगीने कापणाऱ्या मशीनवर) काढा, आणि त्या मापाच्या ग्रिप यूटीएमवर (ताण चाचणीच्या मशीनवर) आहेत का ते आधी बघून या. तुटलेले तुकडे डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. पावसाळ्यात एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) नंबर लागेपर्यंत ते उघड्यावर राहिले तर तुटीचा पृष्ठभाग काळवंडतो, आणि मग भेग मूळ धातूत सुरू झाली की पावडरीच्या गुठळीपाशी, हे ओळखता येत नाही.