ट्रॅप खोलवर ढिला पडतोय? आधी तेल बघा
ऑप्टिकल ट्वीझरमध्ये, म्हणजे लेसरच्या फोकसने सूक्ष्म कण पकडून ठेवणाऱ्या ट्रॅपमध्ये, बारीक मणी काचेजवळ घट्ट धरला जातो पण जरा खोल गेलं की सुटतो, तर लगेच लेसरची पॉवर वाढवू नका, सॅम्पल उगाच तापतं. ऑब्जेक्टिव्ह (सॅम्पलजवळचं भिंग) आणि काच यांच्यामधल्या तेलाचा अपवर्तनांक साधारण 1.52 आणि सॅम्पलमधल्या पाण्याचा 1.33, त्यामुळे जितकं खोल जाल तितका फोकस पसरतो, यालाच स्फेरिकल ॲबरेशन म्हणतात. मणी फोकसच्या वर-खाली करून त्याच्याभोवती दिसणाऱ्या प्रकाशाच्या रिंगा बघा, एका बाजूला ठसठशीत आणि दुसरीकडे पुसट दिसल्या तर हाच घोळ समजा. थोडं जास्त अपवर्तनांकाचं तेल वापरलं तर ट्रॅप खोलवर सुधारतो, पण खरं सुख तेलाऐवजी पाणी लावायच्या वॉटर इमर्शन ऑब्जेक्टिव्हमध्येच, फक्त कव्हरस्लिप (सॅम्पलवरची पातळ काच) 0.17 मिमीची घ्या आणि करेक्शन कॉलर (ऑब्जेक्टिव्हवरची ॲबरेशन कमी करणारी कडी) दोन्हीकडच्या रिंगा सारख्या दिसेपर्यंत हळूहळू फिरवा.