इंग्रजीत लिहिताना सिनेमा 'बघू' नका

गेल्या महिन्यात एक मुलगा त्याच्या शॉर्ट फिल्मचा इंग्रजी सारांश तपासून घ्यायला आला. पहिलंच वाक्य होतं, 'धिस सिनेमा इज अबाउट माय आजी.' आजी मी तशीच ठेवली, सिनेमा काढला. तो म्हणाला, "ताई, मग मूव्ही टाकू का? की पिक्चर?"

मी कोल्हापुरात बसून महोत्सवांना जाणाऱ्या लघुपटांची सबटायटल्स आणि अर्ज तपासते. हा घोळ माझ्याकडे दर आठवड्याला येतो. हे शब्द आपल्याला येत नाहीत असं अजिबात नाही. उलट लहानपणापासून तोंडात बसलेत, फक्त मराठी अर्थाने. इंग्रजीत पाठवताना तोच अर्थ बरोबर जातो आणि गडबड होते.

सर्वात जास्त फसवतो तो सिनेमा. मराठीत आपण सिनेमा बघतो. इंग्रजीत सिनेमा म्हणजे एक तर जिथे बघायला जातो ती जागा, नाहीतर ती सगळी कला. म्हणून 'वी वेंट टू द सिनेमा' बरोबर, 'मराठी सिनेमा' बरोबर, पण 'आय सॉ अ सिनेमा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला इमारत दिसते. शंका आली तर सिनेमाच्या जागी मनात 'साहित्य' ठेवून बघा. 'मराठी साहित्य' म्हणतो, पण 'काल एक साहित्य वाचलं' म्हणतो का? नाही ना? मग तिथे फिल्म लिहा.

टॉकीजची गंमत वेगळी. 14 मार्च 1931 ला मुंबईत 'आलम आरा' लागला, तेव्हाच्या बोलपटांना इंग्रजीत टॉकी म्हणत. आपल्याकडे ते नाव इमारतीला चिकटलं ते कायमचं. इंग्रजी पत्रात 'नियर द टॉकीज' लिहू नका. ब्रिटनमधल्या माणसासाठी सिनेमा लिहा, अमेरिकेतल्यासाठी मूव्ही थिएटर. नुसतं थिएटर म्हटलं तर ब्रिटिश माणूस नाटकाची तयारी करून येईल.

पिक्चर म्हटलं की आज पहिल्यांदा फोटो किंवा चित्र डोळ्यापुढे येतं. ऑस्करमध्ये 'बेस्ट पिक्चर' टिकून आहे, कारण ती पारितोषिकं देणाऱ्या, 1927 साली स्थापन झालेल्या अकादमीच्या नावातच मोशन पिक्चर आहे. करारमदारात मोशन पिक्चर शोभतं. सारांशात नको.

आता खरी निवड, फिल्म की मूव्ही. अमेरिकेत बोलताना मूव्ही, ब्रिटनमध्ये फिल्म, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण अर्ज लिहिताना देशापेक्षा प्रसंग बघा. महोत्सव, शिक्षण, समीक्षा, अनुदान आलं की फिल्म. फिल्म फेस्टिव्हल, फिल्म स्कूल, फिल्ममेकर, शॉर्ट फिल्म हे जोडशब्द असेच रूढ आहेत. आमच्या गावात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती, 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली, तेव्हा हा शब्द आपल्याला परका नाही. मूव्ही मित्राशी गप्पा मारताना ठेवा, किंवा घरगुती चित्रीकरणाला 'होम मूव्ही' म्हणा. अनुदानाच्या अर्जात 'माय मूव्ही एक्सप्लोर्स ग्रीफ' चुकीचं नाही, पण लग्नाला बर्म्युडा घालून गेल्यासारखं दिसतं.

फोनवर काढलंय म्हणून ती फिल्म नाही, व्हिडिओच, असं काही मुलं नम्रपणे लिहितात. गोष्ट रचून, कापून, जोडून केली असेल तर बिनधास्त फिल्म म्हणा. बारशाचं सलग चित्रीकरण हा व्हिडिओ. आणि क्लिप म्हणजे मोठ्यातून कापलेला तुकडा. तुमची पूर्ण कलाकृती क्लिप नव्हे.

फुटेजवर मी स्वतः आपटलेय. माझ्या पहिल्या कामाच्या ईमेलमध्ये 'फुटेजेस' लिहिलं आणि समोरच्या संकलकाने तेवढाच शब्द लाल करून परत पाठवला. खरं तर मला कळायला हवं होतं. माझे बाबा एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. केबिनमध्ये त्यांचा हिशोब फुटांतच चाले: 35 मिलिमीटरची पट्टी मिनिटाला 90 फूट पळते, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. पट्टी तुटली की दोन टोकं खरवडून चिकटवायचे. फुटात सोळा चौकटी, म्हणजे चार चौकटी कापल्या की तीन इंच गेले. फुटेज म्हणजे फुटांत मोजलेली लांबी, मग त्या लांबीवर टिपलेलं सगळं कच्चं चित्रीकरण. ते दूध-पाण्यासारखं आहे, त्याचं अनेकवचन होत नाही. 'टू अवर्स ऑफ फुटेज' लिहा, 'सम फुटेज' लिहा. पट्टी गेली, मेमरी कार्ड आलं, शब्द तोच राहिला.

अर्ज पाठवण्याआधी 'शूटिंग' तेवढं शोधून बघा. त्या मुलाने खाली लिहिलं होतं, 'देअर वॉज अ शूटिंग इन अवर स्कूल.' अमेरिकेतला परीक्षक हे वाचून बंदुकीच्याच बातमीचा विचार करेल. आम्ही केलं, 'वी शॉट द फिल्म ॲट अवर स्कूल.'